वाचक विचारतात: फोटोतलं ते विमान खरंच ‘झिरो’ आहे का?

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी नेव्हीच्या लढाऊ विमानांवर (‘झिरो’ हे त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध) एक छोटं टिपण छापलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. फोटो पाठवणाऱ्या सगळ्यांना एकच विनंती, फोटोची मागची बाजूपण स्कॅन करत जा. शिक्के, पेन्सिलीच्या नोंदी सगळं मागे असतं आणि लोक नेमकं तेच पाठवत नाहीत.

प्रश्न (महाल): सर नमस्कार. माझे आजोबा युद्धात सैन्याच्या सप्लाय खात्यात क्लार्क होते, १९४५ मध्ये रंगूनला होते. त्यांच्या ट्रंकेत अल्बम सापडला, त्यात एका मोडक्या जपानी विमानाच्या पंखावर चार-पाच जवान बसलेले आहेत आणि मागे ‘जॅप झिरो, मिंगलाडॉन’ असं लिहिलंय. घरात सगळे झिरोच म्हणून राहिले, पण माझा भाचा म्हणते की हे झिरो नाहीच. कोण बरोबर?

उत्तर: भाचा बरोबर. पण आजोबांनाही चुकीचं म्हणू नका, कारण त्या काळात बर्मा आघाडीवर गोल लाल ठिपक्याचं एक इंजिनवालं कुठलंही विमान दिसलं की सगळे त्याला झिरोच म्हणायचे, गोरे पायलटसुद्धा.

तुमच्या फोटोतलं विमान हायाबुसा आहे, दोस्त सैन्याने त्याला ‘ऑस्कर’ नाव दिलं होतं. हे जपानी आर्मीचं विमान आणि झिरो नेव्हीचं. जपानमध्ये आर्मी आणि नेव्ही आपापली विमानं वेगळी बनवून घ्यायचे, एकमेकांशी पटायचं नाही ते नाहीच, आणि बर्मात मुख्य काम आर्मीकडे होतं. नेव्हीचे झिरो या बाजूला क्वचित यायचे, उदाहरणार्थ ५ डिसेंबर १९४३ ला कलकत्त्याच्या गोदीवर मोठा हल्ला झाला त्यात आर्मीबरोबर नेव्हीचीही विमानं होती. पण रंगूनच्या मिंगलाडॉन धावपट्टीवर मोडून पडलेलं विमान दिसलं तर पहिला संशय हायाबुसावरच घ्यायचा.

आता दोन्हींत गोंधळ होतो काहून? तर नाकामुळे. हायाबुसा नाकाजिमा कंपनीचं आणि झिरोचं साकाए इंजिनपण नाकाजिमाचंच, आर्मीला तेच इंजिन दुसऱ्या नावाने दिलं जायचं. म्हणून समोरून पाहिलं तर तोंडावळा सारखाच वाटतो. त्यामुळे नाकावर जास्त वेळ घालवू नका, थेट पंखाकडे जा. तुमच्या स्कॅनमध्ये डावीकडचा जवान पाय सोडून बसलाय ना, त्याच्या बुटाच्या बाजूने पंखाची पुढची कड पूर्ण दिसते. झूम करून पाहिली तर कुठे भोक नाही, नळी नाही, काहीच नाही, सरळ साफ कड. झिरोच्या प्रत्येक पंखात २० मिलिमीटरची तोफ असते, जुन्या मॉडेलात नुसतं भोक दिसतं आणि नंतरच्यांत नळी बाहेर आलेली दिसते, पण काहीतरी दिसतंच. हायाबुसाच्या पंखात बंदूकच नाही, जे काय आहे ते इंजिनाच्या वर नाकात.

दुसरी खूण कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच. झिरोची कॅनोपी म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची खिडकी, खूप सारी फ्रेम, आणि पायलटच्या पाठीमागेही काच बरीच लांब जाते. हायाबुसाची आखूड आणि मोकळी, मोजक्या पट्ट्या. तुमच्या फोटोत काच फुटलीये पण सांगाडा शाबूत आहे आणि पट्ट्या अगदी कमी आहेत. तिसरी खूण शेपटीची, झिरोच्या शेपटीचं टोक रडरच्याही (शेपटीच्या उभ्या पंखाचा हलणारा भाग) मागे निमुळतं होत बाहेर निघतं, पोटाखाली जहाजावर उतरताना दोरीत अडकवायचा हूक असतो. तुमच्या फोटोत शेपूट गवतात गेलीये म्हणून त्यावर मी काही बोलत नाही, पण पंख आणि कॅनोपी एवढं पुरे आहे.

अल्बमवर ‘झिरो’ लिहिलंय ते खोडू नका हं. खाली दुसऱ्या शाईने, आजच्या तारखेसह, ‘हायाबुसा’ लिहा.

प्रश्न (त्रिमूर्तीनगर): दादा मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, स्केल मॉडेल बनवतो. झिरोचं २१, ३२, २२, ५२ असं काय काय असते, किटच्या डब्यावर नंबर असतो पण जुन्या फोटोत कसं ओळखायचं? नंबर असे उलटसुलट का आहेत तेपण सांगा ना.

उत्तर: आधी नंबरांचं सांगतो मग बाकीचं आपोआप बसतं. पहिला आकडा ढाच्याचा, दुसरा इंजिनाचा. ढाचा बदलला की पहिला बदलतो, इंजिन बदललं की दुसरा. म्हणून २१ आणि २२ चा ढाचा एका जातीचा पण इंजिन वेगळं, आणि २२, ३२, ५२ मध्ये एकाच जातीचं इंजिन पण पंख वेगवेगळे. हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

म्हणजे फोटोत दोनच गोष्टी शोधायच्या, पंखाचं टोक आणि नाकाचं तोंड.

मॉडेल २१ म्हणजे १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यातलं, पंखाचा पसारा १२ मीटर, टोकं गोल, आणि दोन्ही टोकांचे अर्धा-अर्धा मीटरचे तुकडे वर दुमडतात कारण विमानवाहू जहाजाच्या लिफ्टमध्ये ते बसवायचं असायचं. चांगल्या फोटोत ती दुमडायची रेघ दिसते. इंजिनाला हवा घ्यायचं तोंड काउलिंगच्या (इंजिनाभोवतीचं गोल आवरण) खालच्या ओठाला, आणि वरच्या बाजूला दोन मशीनगनसाठी उघड्या खाचा, जणू कोणी बोटाने ओढल्यासारख्या. साकाए १२ इंजिन, साधारण ९४० हॉर्सपॉवर.

मग १९४२ मध्ये मॉडेल ३२ आलं. नवीन साकाए २१ इंजिन, ११३० हॉर्सपॉवर, सुपरचार्जरला (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) दोन स्पीड, त्यामुळे हवेचं तोंड खालून वर गेलं, काउलिंगच्या वरच्या ओठाला. मशीनगनच्या खाचा गेल्या, आता काउलिंगमध्येच दोन भोकं. आणि पंखाची दुमडणारी टोकं सरळ कापूनच टाकली, चौकोनी ठेवली, पसारा ११ मीटर. हे चौकोनी टोक पाहून अमेरिकनांना वाटलं हे नवंच विमान आहे, त्याला वेगळं कोडनेम दिलं ‘हॅप’, आणि हॅप हे त्यांच्याच हवाई दलाच्या जनरल अर्नोल्डचं लाडाचं नाव, साहेबांना ते आवडलं नाही म्हणून मग ‘हॅम्प’ केलं. शेवटी कळलं की हे झिरोच आहे. मॉडेल ३२ फक्त ३४३ बनली, म्हणून चौकोनी टोकाचा फोटो मिळाला तर जपून ठेव.

एवढी कमी का बनली याचं कारण मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. इंजिन मोठं झालं, त्याला जागा करायला मुख्य टाकी लहान करावी लागली, पेट्रोल कमी झालं आणि नवं इंजिन पितंही जास्त. नेमकं त्याच वेळेस ऑगस्ट १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादालकॅनाल बेटाची लढाई सुरू झाली, आणि राबाउलच्या जपानी तळाहून तिथे जायचं म्हणजे एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरच्या वर. जुनं २१ जाऊन लढून परत यायचं, नव्या ३२ ला ते झेपत नव्हतं. म्हणून मग मॉडेल २२, इंजिन नवंच पण १२ मीटरचे गोल दुमडणारे पंख परत आणले आणि पंखात जास्तीच्या टाक्या टाकल्या. म्हणजे फोटोत पंख २१ चे आणि नाक ३२ चं दिसलं की २२ समज.

५२ सगळ्यात सोपं. १९४३ च्या उत्तरार्धात आलं, पंख ११ मीटर पण टोकं गोल, दुमडणी नाही, आणि एक्झॉस्ट. आधीच्यांत सगळा धूर गोळा होऊन दोन्ही बाजूंना एकेका मोठ्या नळीतून निघायचा, ५२ मध्ये छोट्या-छोट्या सुट्या नळ्या काउलिंगच्या मागच्या कडेने बाहेर आलेल्या दिसतात. त्या झोताने थोडा धक्का मिळायचा, २१ चा वेग ताशी ५३३ किलोमीटर होता तो ५६५ वर गेला, ढाच्यातल्या बाकी बदलांचाही त्यात हात आहे अर्थात. फोटोत पंख कापले गेले असतील तरी एक्झॉस्टवरून ५२ पकडता येतं.

किट रंगवत असशील तर अजून एक. झिरो डिझाइन मित्सुबिशीचं पण अर्ध्याहून जास्त बनवले नाकाजिमाने, आणि दोघांच्या रंगकामात फरक होता. वरून हिरवा आणि खालून करडा अशा विमानात हिरव्याची सीमारेषा मित्सुबिशीच्या विमानात शेपटीपर्यंत साधारण सरळ जाते, नाकाजिमाच्या विमानात मागे वळण घेऊन शेपटीच्या आडव्या पंखाकडे वर चढते. ब्लॅक अँड व्हाइट फोटोतही हे दिसतं. डब्यावर मित्सुबिशी लिहिलंय म्हणून डोळे मिटून सरळ रेघ मारू नको, ज्या विमानाचं डिकल (चिकटवायच्या खुणा) लावणार त्याचा फोटो आधी पाहा.

प्रश्न (प्रतापनगर): चाकं आत न जाणारं, बाहेरच लटकणारं जपानी विमानपण झिरो असते का?

उत्तर: नाही. झिरोची चाकं आत जातात. चाकं फिक्स, त्यावर बुटासारखं आवरण, एकच माणूस आणि कॉकपिट उघडं, तर ते झिरोच्या आधीचं टाइप ९६, कोडनेम ‘क्लॉड’. दोन्हींचा डिझायनर एकच, जिरो होरिकोशी. चाकं फिक्स पण लांब बंद कॅनोपी आणि दोन माणसं, तर ते लढाऊ विमानच नाही, ‘व्हॅल’ नावाचं डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान आहे. चाकांच्या जागी मोठी होडी लटकली असेल तर ते ‘रूफ’, झिरोलाच नाकाजिमाने पाण्यावर उतरायला फ्लोट लावला होता.

प्रश्न (धरमपेठ): संपादक महोदय, मी निवृत्त शिक्षक आहे. पर्ल हार्बरवर हल्ल्याला निघताना विमानवाहू जहाजाच्या डेकवरचे झिरो असा एक फोटो माझ्याकडे आहे. जहाजाचा मनोरा डाव्या बाजूला आहे, जो उजव्या बाजूला असायला हवा, म्हणजे फोटो उलटा छापला गेला आहे असे माझे मत. विमानाच्या धडावर एक फिकट पट्टा दिसतो. यावरून जहाज कोणते हे सांगता येईल का?

उत्तर: सर, उलट्या छपाईची शंका घेतली हे अगदी योग्य केलंत, नेटवर फिरणाऱ्या फोटोंत असे बरेच असतात. पण इथे थोडं थांबा. अकागी आणि हिर्यू या दोन जपानी जहाजांचा मनोरा खरोखरच डाव्या बाजूला होता, आणि ती दोन्ही त्या हल्ल्यात होती. म्हणून नुसत्या मनोऱ्यावरून उलटा म्हणता येत नाही. विमानाला विचारा. झिरोच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेतून वेग मोजायची एक बारीक दांडी बाहेर निघते, पिटॉट ट्यूब. तुमच्या फोटोत ती पायलटच्या डाव्या हाताच्या पंखावरच आहे, म्हणजे फोटो सुलटा आहे.

आता पट्टा. त्या हल्ल्यात सहा मोठी जहाजं होती आणि प्रत्येकाच्या विमानांना धडावर ओळखीचे पट्टे होते. अकागी एक लाल, कागा दोन लाल, सोर्यू एक निळा, हिर्यू दोन निळे, शोकाकू एक पांढरा, झुइकाकू दोन पांढरे. तुम्हाला एकच फिकट पट्टा दिसतोय म्हणजे पटकन कोणीही म्हणेल शोकाकू. पण शोकाकूचा मनोरा उजवीकडे होता, मग जमत नाही.

इथे फिल्मचा खेळ समजून घ्यावा लागतो. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरात होती, तिला लाल रंग दिसतच नाही, म्हणून लाल अगदी काळा येतो आणि निळा उलट फिका पडतो. पँक्रोमॅटिक फिल्मला लाल कळतो, तो मधला करडा येतो. फिल्म कुठली हे कसं कळणार? विमानावरचा हिनोमारू म्हणजे तो लाल गोळा पाहायचा. तो डांबरासारखा काळा असेल तर फिल्म ऑर्थो, मग फिकट पट्टा पांढरा असेलच असं नाही, निळाही असू शकतो. तुमच्या प्रिंटमध्ये गोळा ठार काळा आहे. म्हणजे पट्टा निळा धरायला हरकत नाही, आणि मनोरा डावीकडे, निळ्या पट्ट्याचं, तर हिर्यूच. आता प्रश्न राहतो दुसऱ्या पट्ट्याचा. तुमच्या प्रिंटमध्ये पहिल्या पट्ट्याच्या मागे डेकवरचा खलाशी उभा आहे, दुसरा पट्टा त्याच्या पाठीआड गेलाय असं मला वाटतं, खांद्याच्या वर एक फिकट कोपरा डोकावतो.

खात्री करायची तर शेपटीवरचा कोड वाचा. पर्ल हार्बरच्या वेळेस हिर्यूचा कोड इंग्रजी ‘बी’ आणि पुढे रोमन दोनच्या दोन उभ्या काड्या, मग तीन आकडी नंबर. एकशेच्या घरातला नंबर लढाऊ विमानाचा, दोनशेच्या घरातला डाइव्ह बॉम्बरचा, तीनशेचा टॉर्पेडोवाल्याचा. हवाईतल्या निइहाऊ बेटावर पडलेलं निशिकाइची या पायलटचं विमान प्रसिद्ध आहे, त्याच्या शेपटीवर बी, दोन काड्या आणि १२० असंच होतं. तुमच्या फोटोत शेपटीवर बी कळतो, पुढचं धूसर आहे. मूळ प्रिंट १२०० डीपीआयला स्कॅन करून पाठवा, मोबाइलने काढलेला फोटो नको.

प्रश्न (सक्करदरा): भाऊ, रविवारी जुन्या पुस्तकाच्या ठेल्यावर दोन फोटो घेतले. एकात झिरोवर अमेरिकन स्टार आहे. दुसऱ्यात झिरोचा अख्खा ताफा रंगीत, एकदम एचडी. विकणारा म्हणे दोन्ही ओरिजिनल. फसलो का?

उत्तर: पहिल्यात नाही, दुसऱ्यात हो.

अमेरिकन स्टारवाला झिरो खरा असतो. ४ जून १९४२ ला रयुजो जहाजावरचा तादायोशी कोगा हा पायलट अलास्काजवळ डच हार्बरवर हल्ला करताना त्याच्या विमानाची ऑइल लाइन फुटली, तो जवळच्या अकुतान बेटावर उतरायला गेला, हिरवं कुरण वाटलं ती निघाली दलदल, विमान उलटं झालं आणि तो गेला. १० जुलैला अमेरिकन गस्ती विमानाला ते दिसलं, त्यांनी ते सॅन दिएगोला नेऊन दुरुस्त केलं आणि सप्टेंबरमध्ये उडवलंपण. त्याचे जपानी खुणांसह दलदलीतले उलटे फोटो आहेत आणि अमेरिकन स्टारसह उडतानाचेही आहेत. पंखाची टोकं गोल, हवेचं तोंड खाली, म्हणजे मॉडेल २१, असं असेल तर अकुतानचं असण्याची शक्यता चांगली. ५२ असेल तर नंतर पकडलेलं दुसरं कुठलं तरी.

दुसरा फोटो सिनेमातला आहे. १९७० मध्ये पर्ल हार्बरवर एक मोठा सिनेमा आला होता, त्यासाठी अमेरिकन ट्रेनर विमानांना, म्हणजे आपल्याकडे ज्याला हार्वर्ड म्हणतात त्यांना, झिरोचा मेकअप केला होता. आपल्या हवाई दलातही कित्येक पायलट हार्वर्डवरच शिकले, वायुसेनानगरच्या जुन्या मंडळींना दाखवलात तर लगेच ओळखतील. पंखाची पुढची कड पाहा, हार्वर्डची चांगली मागे झुकलेली असते आणि मागची कड सरळ, झिरोची पुढची कड जवळजवळ सरळ. मेकअपने नाक बदलता येतं, पंख कसा बदलणार. वरून सगळा ताफा हिरवा असेल तर तेही चुकीचंच, १९४१ मधले जहाजावरचे झिरो फिकट करडे होते, काउलिंग तेवढं काळपट. वरून हिरवा रंग पुढे १९४३ च्या सुमारास सर्रास झाला. आजकाल कम्प्युटरवर रंगवलेले जे फोटो फिरतात त्यांतही हेच चालू असते, पर्ल हार्बरला निघालेला झिरो हिरवागार. रंगवलेल्या फोटोवरून काहीही ठरवू नका, मूळ ब्लॅक अँड व्हाइट शोधा.

प्रश्न (इतवारी): माझी आजी सांगायची की युद्धात नागपूरवरून जपानी विमानं गेली आणि लोक घराच्या बाहेर पळाले. हे झिरो असतील का?

उत्तर: ताई, नाही. आपल्यापासून सगळ्यात जवळ जपानी बॉम्ब पडले ते ६ एप्रिल १९४२ ला, विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर. रयुजो जहाज बंगालच्या उपसागरात आलं होतं, त्या मोहिमेत त्या ताफ्याने वीसहून जास्त व्यापारी जहाजं बुडवली, आणि किनाऱ्यावर बॉम्ब टाकणारी विमानंही झिरो नव्हती, ‘केट’ नावाची तीन माणसांची बॉम्बर होती. आदल्या दिवशी ५ तारखेला आणि मग ९ ला लंकेवर हल्ले झाले, तिथे मात्र झिरो भरपूर होते, अकागी, सोर्यू, हिर्यू, शोकाकू, झुइकाकू या पाच जहाजांवरचे. विशाखापट्टणम ते नागपूर सरळ अंतर साधारण ६०० किलोमीटर, इकडे येऊन त्यांना करायचं काय होतं.

पण आजी उगाच सांगत नव्हती. त्या एप्रिलमध्ये मद्रासहून सरकारी ऑफिसं आणि माणसं आतल्या भागात हलवली गेली, अफवा सगळीकडे पोचल्या होत्या, आणि सोनेगावच्या धावपट्टीवर इंग्रजांची विमानं यायची-जायची. आवाज आला आणि आकाशात ठिपका दिसला तर त्या दिवसांत कोणीही पळालं असतं. आजीकडे तेव्हाचा एखादा फोटो असेल तर पाठवा, विमान कोणाचंही असो.